नेहमीच्या स्पॅनिश शब्दांचे वेगवेगळे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दकोशात एकाच स्पॅनिश शब्दापुढे आठ-दहा अर्थ दिलेले असतात. वाक्यात त्यांपैकी कोणता घ्यायचा, हे कसे ठरवायचे?

मराठीत आपल्याला भूक लागते, गावी पोचायला वेळ लागतो, एखादा माणूस नात्याने मामा लागतो, वाऱ्याने दार लागते आणि परीक्षेसाठी अभ्यासही करावा लागतो. तरी 'लागणे' ऐकताना कोणी अडखळत नाही, कारण आजूबाजूच्या शब्दांनी अर्थ आधीच पक्का केलेला असतो. स्पॅनिशमध्येही अर्थ शब्दाच्या सोबत्यांवरून ठरतो. कोणते क्रियापद जोडले आहे, नामाआधी पुल्लिंगी उपपद 'एल' आहे की स्त्रीलिंगी 'ला', सोबत कोणते शब्दयोगी अव्यय आहे आणि बोलणारा कोणत्या देशाचा आहे, एवढे पाहिले की बहुतेक वेळा एकच अर्थ शिल्लक राहतो.

नामांची फार चिंता करू नये. 'बांको' म्हणजे बँक आणि बागेतले बाकडेही. 'मुन्येका' म्हणजे मनगट आणि बाहुलीही. 'प्लान्ता' म्हणजे रोप, इमारतीचा मजला आणि तळपाय. खाते उघडायला निघालेला माणूस बाकड्यापाशी जात नाही, त्यामुळे असे शब्द प्रसंगानेच सुटतात. खरी परीक्षा क्रियापदांची असते, म्हणून खालील उत्तरांत त्यांना अधिक जागा दिली आहे.

उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रचलित पद्धतीने दिले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागांत यातल्या काही 'स'च्या जागी जीभ दातांमध्ये ठेवून केलेला 'थ'सारखा ध्वनी ऐकू येतो. 'त' आणि 'द' मात्र सर्वत्र आपलेच दंत्य 'त' आणि 'द' आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे 'ट' आणि 'ड' करू नयेत.

'सेर' आणि 'एस्तार' या दोन्हींचा अर्थ 'असणे' असाच आहे, तर मग क्रियापद बदलल्याने अर्थ का बदलतो?

वर्गात बहुधा पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की कायमच्या गोष्टींना 'सेर' आणि तात्पुरत्या गोष्टींना 'एस्तार' वापरावे. हा नियम चार दिवस उपयोगी पडतो आणि पाचव्या दिवशी दगा देतो. माद्रिद शतकानुशतके स्पेनमध्येच आहे, तरी त्याचे ठिकाण सांगताना 'एस्तार' लागते. मृत्यूइतकी कायमची अवस्था दुसरी नाही, तरी 'तो मेलेला आहे' हे 'एस्ता म्वेर्तो' असेच म्हणावे लागते. उलट, संध्याकाळी दोन तासांत आटोपणारी मेजवानी कोठे आहे हे सांगताना 'ला फ्येस्ता एस एन मी कासा', म्हणजे 'सेर', कारण तेथे वस्तूचे स्थान सांगायचे नसून कार्यक्रम कोठे होणार ते सांगायचे असते.

त्यापेक्षा असे धरावे की 'सेर' ती गोष्ट काय आहे, कोणत्या जातीची आहे हे सांगते आणि 'एस्तार' ती कोणत्या अवस्थेत आहे हे सांगते. मग विशेषणांचे दुहेरी अर्थ आपोआप उलगडतात. 'एस आबुरीदो' म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे, आणि 'एस्ता आबुरीदो' म्हणजे तो कंटाळला आहे. शिक्षकांविषयी बोलताना हा भेद सांभाळलेला बरा. 'एस लीस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लीस्तो' म्हणजे तयार. बाई 'एस रीका' असेल तर ती श्रीमंत आहे, पण आमटी 'एस्ता रीका' असेल तर ती चविष्ट झाली आहे. आंब्याविषयी 'एस बेर्दे' म्हटले तर तो जातीने हिरवा, 'एस्ता बेर्दे' म्हटले तर अजून कच्चा. 'सेर ओर्गुयोसो' म्हणजे गर्विष्ठ असणे, पण मुलीच्या यशाने बापाचा ऊर भरून आला असेल तर तेथे 'एस्तार ओर्गुयोसो' येते. 'सेर बीबो' म्हणजे चलाख, 'एस्तार बीबो' म्हणजे जिवंत. अन्न 'एस्ता मालो' असेल तर ते बिघडले आहे. स्पेनमध्ये माणूस 'एस्ता मालो' असेल तर तो आजारी आहे. आणि 'एस मालो' असेल तर तो माणूसच वाईट आहे.

एक सावधगिरी: जेवणाला 'एस्ता ब्वेनो' म्हणणे ही साधी दाद आहे, पण व्यक्तीला तेच म्हटले तर ती शारीरिक आकर्षणाविषयीची सलगीची शेरेबाजी होते. यजमानांचे कौतुक करायचे असेल तर 'एस ब्वेनो' किंवा 'एस ब्वेना' म्हणावे.

'केदार' या क्रियापदाचे अर्थ एका सूत्रात बसतात का?

बसतात, आणि मराठी माणसाला हे क्रियापद विसरणे अवघड आहे, कारण त्याचा उच्चार अगदी आपल्या केदार या नावासारखाच होतो. गाभ्याचा अर्थ 'राहणे' किंवा 'उरणे' हा आहे. 'केदान दोस' म्हणजे दोन उरले. 'मे केदान द्येस एउरोस' म्हणजे माझ्याकडे दहा युरो राहिले आहेत. येथपर्यंत मराठी 'राहणे' बरोबर चालते.

पुढे कपड्यांच्या दुकानात जावे. पडद्याआडून बाहेर आल्यावर विक्रेती विचारते, 'कोमो ले केदा?' म्हणजे कसा बसतोय. सदरा ढगळ असेल तर उत्तर 'मे केदा ग्रान्दे', अंगाबरोबर असेल तर 'मे केदा ब्येन', आणि घेण्याचे ठरले की 'मे केदो कोन एस्ते', म्हणजे हाच घेतो. एकाच दुकानात पाच मिनिटांत त्याच क्रियापदाचे दोन अर्थ होऊन गेले: पहिला अंगावर कसा राहतो याचा, आणि दुसरा, 'कोन' हे अव्यय जोडल्यामुळे, आपल्याजवळ ठेवून घेण्याचा. टॅक्सीवाल्याला सुटे पैसे राहू द्या म्हणतानाही हेच 'कोन' लागते.

स्पेनमध्ये भेट ठरवण्यासाठी याशिवाय पान हलत नाही. 'दोन्दे केदामोस?' म्हणजे कोठे भेटायचे. आणि माद्रिदमध्ये त्याचे उत्तर अनेकदा 'एन सोल, आ लास स्येते' असे असते, म्हणजे सात वाजता पुएर्ता देल सोल चौकात, जेथे अस्वल आणि झाडाच्या पुतळ्यापाशी लोक एकमेकांची वाट पाहत उभे असतात. लॅटिन अमेरिकेत 'दोन्दे केदा ला एस्तास्योन?' असे विचारले तर मात्र कोणी भेटीला बोलावत नसते. स्टेशन कोठे आहे एवढेच विचारायचे असते. 'केदार ब्येन' आणि 'केदार माल' ही जोडी माणसांच्या बाबतीत वापरली की अनुक्रमे चांगली छाप पाडणे आणि नाव घालवणे असे अर्थ होतात. 'केदार्से' असे रूप झाले की 'थांबून राहणे' आणि, विशेषण जोडल्यास, 'होऊन बसणे': 'से केदो दोर्मीदो' म्हणजे त्याला झोप लागली किंवा तो झोपूनच राहिला, आणि 'से केदो स्येगो' म्हणजे तो आंधळा झाला.

या सगळ्यांची यादी पाठ करण्यापेक्षा क्रियापदाआधी 'मे', 'ले', 'से' यांपैकी काय आले आहे आणि नंतर कोणते अव्यय आले आहे, हे पाहण्याची सवय लावावी.

'येबार' म्हणजे नेणे, मग 'येबो त्रेस आन्योस आकी' याचा अर्थ काय?

'मी येथे तीन वर्षे आहे', असा. 'येबार' म्हणजे मूळात नेणे किंवा वाहणे. त्यातूनच अंगावर बाळगणे, म्हणजे चष्मा लावणे, कोट घालणे हे अर्थ आले, आणि काळाचे माप जोडले की तेवढा काळ सरला आहे आणि क्रिया अजून चालू आहे, असा अर्थ होतो. 'येबो दोस आन्योस एस्तुद्यान्दो' म्हणजे मी दोन वर्षे शिकतो आहे. 'येबार्से ब्येन' म्हणजे एकमेकांशी जमणे. उपाहारगृहात विचारलेले 'पारा येबार?' म्हणजे आपल्याकडचे 'पार्सल का?'.

'येबार' आणि 'त्राएर' यांतील फरक मराठीतील नेणे आणि आणणे यांतील फरकासारखाच आहे, त्यामुळे तेथे चूक होत नाही. चूक होते ती 'जाणे-येणे' या जोडीत. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली तर आपण 'आलो' म्हणतो; स्पॅनिश मूल अशा वेळी 'बोय' म्हणते, ज्याचा शब्दशः अर्थ 'जातो' असा आहे. बोलणारा ज्या ठिकाणी आहे तेथून निघतो, म्हणून ते जाणेच, असा त्यामागचा विचार. फोनवर 'मी तुमच्याकडे येतो' म्हणतानाही 'बोय' म्हणावे लागते. येथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही सारख्याच चुकीच्या वाटेने नेतात.

'केरेर' म्हणजे हवे असणे की प्रेम करणे? आणि 'एस्पेरार' म्हणजे वाट पाहणे की आशा करणे?

'केरेर'पुढे वस्तू किंवा क्रिया असेल तर हवे असणे, माणूस असेल तर माया किंवा प्रेम. 'क्येरो ऊन काफे' म्हणजे मला कॉफी हवी. 'ते क्येरो' आई लेकराला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो आणि प्रियकर प्रेयसीलाही म्हणतो. 'ते आमो' हे त्याहून गंभीर आहे. काउंटरवर थेट 'क्येरो' म्हटले तर ते थोडे हट्टी वाटू शकते. अनोळखी ठिकाणी 'किस्येरा' म्हणणे सभ्य. भूतकाळात नकारासह आले की धार बदलते: 'नो कीसो' म्हणजे नुसते 'त्याला नको होते' नव्हे, तर 'त्याने नकार दिला'.

'एस्पेरार'चे तसे नाही. बस किंवा माणूस कर्म असेल तर वाट पाहणे. पुढे 'के', म्हणजे 'की', आणि त्याला जोडून क्रियापदाचे संभाव्यतादर्शक रूप असेल तर आशा करणे किंवा अपेक्षा ठेवणे. 'एस्पेरा ऊन इखो' असे एखाद्या स्त्रीविषयी म्हटले तर तिला दिवस गेले आहेत.

'साबेर' आणि 'कोनोसेर' यांत काय फरक आहे?

माहीत असणे आणि ओळखणे, एवढाच. आणि मराठीत हा भेद असल्यामुळे आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. 'साबे नादार' म्हणजे त्याला पोहता येते. भूतकाळात 'सूपे' म्हणजे मला कळले, 'कोनोसी' म्हणजे माझी ओळख झाली. याशिवाय 'साबेर'चा आणखी एक, पूर्णपणे वेगळा अर्थ आहे: पदार्थ कर्ता असून पुढे 'आ' आले की तो चव असणे असा होतो. 'साबे आ लिमोन' म्हणजे याला लिंबाची चव आहे.

'मे गुस्ता'चा अर्थ 'मी आवडतो' असा का होत नाही?

कारण मराठीतही तो होत नाही. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात कर्ता आंबा आहे आणि 'मला' चतुर्थीत आहे. स्पॅनिशमध्ये अगदी हीच रचना आहे. 'मे गुस्ता एल मान्गो', आणि आंबे अनेक झाले की आपण जसे 'आवडतात' म्हणतो तसे ते 'मे गुस्तान' म्हणतात. 'मे द्वेले ला काबेसा' म्हणजे माझे डोके दुखते. 'मे फाल्ता त्येम्पो' म्हणजे मला वेळ कमी पडतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या रचना उलट्या वाटतात, म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तके त्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात. मराठी माणसाने त्या प्रकरणांवर फार वेळ घालवू नये. भुकेच्या बाबतीत मात्र वाट वेगळी आहे, कारण स्पॅनिश माणसाला भूक लागत नाही, तो भूक बाळगतो: 'तेंगो आंब्रे'.

'एल' आणि 'ला' बदलल्याने शब्दाचा अर्थच बदलतो, असे खरोखर होते का?

होते, आणि मराठीत त्याचा अगदी जवळचा नमुना आहे. 'माझा वेळ गेला' यातला पुल्लिंगी वेळ खर्च होणारा आहे, तर 'जेवणाची वेळ झाली' यातली स्त्रीलिंगी वेळ घड्याळातल्या ठरलेल्या क्षणाची आहे. स्पॅनिशमध्ये असे बरेच शब्द आहेत. 'एल कापिताल' म्हणजे भांडवल, 'ला कापिताल' म्हणजे राजधानी. 'एल कूरा' म्हणजे पाद्री, 'ला कूरा' म्हणजे इलाज. 'एल ओर्देन' म्हणजे क्रम किंवा शिस्त, 'ला ओर्देन' म्हणजे हुकूम. 'एल कोमेता' हा आकाशातला धूमकेतू आणि 'ला कोमेता' हा दोऱ्याला बांधलेला पतंग, जरी मेक्सिकोत पतंगाला वेगळाच शब्द आहे. 'एल गीया' म्हणजे वाट दाखवणारा पुरुष. 'ला गीया' म्हणजे वाट दाखवणारी स्त्री किंवा माहितीपुस्तिका. 'एल पापा' म्हणजे रोममधले पोप आणि 'ला पापा' म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, हे तर वर्गातले ठरलेले हसे आहे.

हे बदल कोणत्या एका नियमाने होत नाहीत. नाम नेहमी 'एल' किंवा 'ला' यांच्यासहच लिहून ठेवणे, हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय.

अक्षरावरची तिरपी रेघ नाही दिली तर चालते का?

अनौपचारिक निरोपात स्पॅनिश लोकही ती गाळतात, पण शिकणाऱ्याने गाळू नये, कारण तिच्यामुळे जोर बदलतो आणि जोराबरोबर अर्थ. 'पापा' शब्दात पहिल्या अक्षरावर जोर असेल तर पोप किंवा बटाटा, दुसऱ्यावर रेघ आणि जोर असेल तर बाबा. 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. 'साबाना' पहिल्यावर जोर देऊन म्हटले तर चादर, दुसऱ्यावर दिला तर गवताळ माळ. विद्यापीठात 'सेक्रेतार्या' ही व्यक्ती आणि 'सेक्रेतारीया' हे तिचे कार्यालय. अर्ज कोणाकडे द्यायचा, हे एका रेघेवर ठरते.

'सोलो' हा शब्द वादाचा आहे. त्याचा अर्थ 'एकटा' आणि 'फक्त' असा दोन्ही होतो, आणि पूर्वी 'फक्त' या अर्थी त्यावर रेघ देत असत. रिआल आकादेमिया एस्पान्योला या भाषा-अकादमीने 2010च्या शुद्धलेखनग्रंथात रेघेशिवाय लिहिण्याचा सल्ला दिला. अनेक लेखकांना तो मानवला नाही. 2023मध्ये, संदिग्धता होते असे लिहिणाऱ्याला वाटत असेल तर रेघ देता येईल, असा खुलासा झाला. शिकणाऱ्याने रेघ न देणेच सोपे. स्पेनच्या कॅफेत 'सोलो' मागितली तर बिनदुधाची कॉफी येते, तिला रेघेची गरज नाही.

'न'वरच्या नागमोडी चिन्हाबद्दल मात्र सवलत नाही. 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे गुदद्वार. वय सांगताना लोकांची भंबेरी उडते ती येथेच. मोबाइलवर 'एन' हे अक्षर दाबून धरले की ते चिन्ह मिळते.

रस्ता विचारला की 'देरेचो' आणि 'देरेचा' यांत गोंधळ होतो. नेमके कोठे वळायचे?

'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे, आणि 'देरेचो' किंवा 'तोदो देरेचो' म्हणजे नाकासमोर सरळ. घाईत शेवटचा स्वर निसटतो, म्हणून आधीचे 'आ ला' ऐकावे. ते असेल तरच वळावे. स्पेनमध्ये सरळ जाण्यासाठी 'तोदो रेक्तो' असेही म्हणतात. विद्यार्थ्याने 'एस्तुद्यो देरेचो' असे सांगितले तर तो कायद्याचा अभ्यास करतो.

'मान्याना', 'त्येम्पो', 'आओरीता' या काळवाचक शब्दांचा अर्थ कसा लावावा?

'ला मान्याना' म्हणजे सकाळ, नुसते 'मान्याना' म्हणजे उद्या, आणि 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणजे उद्या सकाळी. 'त्येम्पो' म्हणजे खर्च होणारा वेळ आणि हवामानही: 'आसे ब्वेन त्येम्पो' म्हणजे हवा छान आहे, 'आसे मूचो त्येम्पो' म्हणजे बऱ्याच दिवसांपूर्वी. किती वाजले हे विचारताना 'ओरा' लागते आणि दोन वेळा, तीन वेळा म्हणताना 'बेस'. म्हणजे मराठीत एकट्या 'वेळ' शब्दाने केलेले काम तेथे तिघांत वाटलेले आहे.

'आओरीता' हे 'आओरा', म्हणजे 'आता', याचे लघुरूप. मेक्सिकोत ते 'या क्षणी', 'थोड्या वेळाने' आणि क्वचित 'बघू कधीतरी' अशा कोणत्याही अर्थाने येऊ शकते, तर कॅरिबियन बेटांवर बहुधा 'नंतर' या अर्थी. नळदुरुस्तीवाला मेक्सिकोत 'आओरीता' म्हणाला तर नेमकी वेळ विचारून घ्यावी.

एका देशात चालणारा शब्द दुसऱ्या देशात अडचणीचा ठरतो, असे कोणते शब्द आहेत?

स्पॅनिश ही 20 सार्वभौम देशांची अधिकृत भाषा आहे, त्यामुळे असे व्हायचेच. सर्वांत आधी 'कोखेर' लक्षात ठेवावा. स्पेनमध्ये त्याचा अर्थ घेणे, पकडणे असा असून बस पकडण्यापासून फोन उचलण्यापर्यंत तो बिनधास्त वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र तो संभोगाचा असभ्य शब्द आहे. तेथे 'तोमार' किंवा 'आगार्रार' वापरावे. स्पेनमध्येही 'तोमार' चालते, म्हणून नवख्याने सगळीकडे तेच वापरणे सुरक्षित.

बाकीच्या शब्दांनी अब्रू जात नाही, फक्त ताटात भलतेच येते. स्पेनमध्ये 'तोर्तीया' म्हणजे बटाटा घातलेले जाड आम्लेट, मेक्सिकोत मक्याची पातळ पोळी. मेक्सिकोत 'तोर्ता' म्हणजे पावात भरलेले सँडविच, अर्जेंटिनात केक. स्पेनमध्ये 'तीन्तो' मागितल्यास लाल वाइन मिळते, कोलंबियाच्या बोगोतात काळी कॉफी. 'ग्वाग्वा' ही क्यूबा, प्वेर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि कॅनरी बेटांवर बस आहे, तर चिली, बोलिव्हियासारख्या अँडीज पर्वताच्या देशांत तान्हे मूल, कारण तेथला शब्द क्वेचुआ भाषेतून आला आहे. 'कोचे' स्पेनमध्ये मोटार, ग्वातेमालात डुक्कर. 'प्लाता' म्हणजे चांदी, पण लॅटिन अमेरिकेत बोलताना बहुधा पैसा.

मेक्सिकन सौजन्याचाही एक नमुना येथेच सांगायला हवा. 'सू' या शब्दाचा अर्थ त्याचे, तिचे, त्यांचे आणि तुमचे असा चारही प्रकारे होतो. मेक्सिकन गृहस्थ 'सू कासा' म्हणताना कधी स्वतःच्याच घराविषयी बोलत असतो, 'आपलेच घर समजा' या भावाने. पाहुण्याने लगेच आपल्या घरचा पत्ता सांगू नये.

इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांवर कितपत विसंबावे?

बरेच विसंबता येते, पण मोजके शब्द नेहमी फसवतात. 'एंबारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. 'एक्सितो' म्हणजे यश. बाहेर जाण्याच्या दारावर 'सालीदा' लिहिलेले असते. 'आक्त्वाल्मेन्ते' म्हणजे सध्या. 'आसिस्तीर आ' म्हणजे हजर राहणे. 'लिब्रेरीया' हे पुस्तकांचे दुकान, वाचनालय म्हणजे 'बिब्लियोतेका'. हॉटेलच्या दाराला अडकवलेल्या पाटीवर 'नो मोलेस्तार' असते, त्यात आक्षेपार्ह काही नाही; त्रास देऊ नये, एवढेच. स्पेनमध्ये 'एस्तोय कोन्स्तिपादो' म्हणणाऱ्याला सर्दी झालेली असते, लॅटिन अमेरिकेत बहुधा बद्धकोष्ठ. औषधाच्या दुकानात लक्षण वेगळ्या शब्दांत सांगणे श्रेयस्कर.

स्पेनला शिकायला जाणाऱ्यांनी अर्जावरचे शब्द विशेष जपावेत. 'कोलेख्यो' म्हणजे शाळा, कॉलेज नव्हे. 'बाचियेरातो' म्हणजे पदवी नसून साधारण आपल्या अकरावी-बारावीची पातळी. पदवीच्या रकान्यात हा शब्द लिहिला तर आपण आपलेच शिक्षण कमी करून सांगतो. 'आसिग्नातूरा' म्हणजे विषय आणि सही म्हणजे 'फीर्मा', जिचा दुसरा अर्थ व्यवसायसंस्था असा आहे. आडनावांसाठी दोन रकाने असतात, कारण तेथे वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लावतात. मधले नाव म्हणून आपण लिहितो ते वडिलांचे किंवा पतीचे नाव आडनाव नव्हे, म्हणून पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे त्याच्याशी पडताळून लिहावे.

मराठीत पोर्तुगीज शब्द आहेत आणि गोव्यात अनेकांना पोर्तुगीज येते. त्याचा स्पॅनिश शिकताना उपयोग होतो का?

होतो, आणि घातही होतो. पोर्तुगीजमधून आलेल्या आपल्या 'चावी'चा स्पॅनिश भाऊ 'याबे', पण त्याचा अर्थ पाण्याचा नळ आणि नटबोल्टचा पानाही होतो. 'पगार' आपल्याकडे वेतन झाला. दोन्ही युरोपीय भाषांत ते 'पैसे देणे' असे क्रियापद आहे. सर्वांत गमतीचा प्रकार 'बटाटा'चा. पोर्तुगीज 'बाताता'वरून आपण तो घेतला, पण स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात 'बाताता' मागितल्यास रताळे मिळते. मूळ कॅरिबियन शब्द रताळ्याचाच होता. बटाट्याचा क्वेचुआ शब्द 'पापा'. स्पेनमध्ये दोहोंची सरमिसळ होऊन 'पाताता' झाला.

ज्यांना पोर्तुगीज चांगले येते त्यांनी सारख्या दिसणाऱ्या जोड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पोर्तुगीजमध्ये विचित्र म्हणून हिणवलेली गोष्ट स्पॅनिश 'एक्स्किसीतो'त अतिशय रुचकर होते. पोर्तुगीज 'ओफिसिना' ही कार्यशाळा, स्पॅनिश 'ओफिसीना' हे कार्यालय. आणि पोर्तुगीजमध्ये खोडरबर असलेली 'बोर्राचा' स्पॅनिशमध्ये दारू प्यायलेली बाई असते.

कोणता शब्दकोश वापरावा आणि तो कसा वाचावा?

1713मध्ये स्थापन झालेल्या रिआल आकादेमिया एस्पान्योला या अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. तो स्पॅनिश-स्पॅनिश असल्याने सुरुवातीला जड जातो, पण अर्थांना क्रमांक असतात आणि बऱ्याच अर्थांपुढे देशाची संक्षेपाक्षरे असतात. मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया यांची संक्षेपाक्षरे एकदा ओळखू आली की एखादा अर्थ आपल्या कामाचा आहे की नाही ते लगेच दिसते. फक्त अमेरिकेतील अर्थांसाठी स्पॅनिश अकादम्यांच्या संघटनेने 2010मध्ये प्रसिद्ध केलेला स्वतंत्र कोश आहे, तोही इंटरनेटवर पाहता येतो. प्रादेशिक शब्द आधी तेथे शोधावा.

स्वतःच्या वहीत सुटा शब्द आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ असे लिहू नये. 'केदार' हा शब्द 'मे केदा ग्रान्दे, ढगळ होतो' असा लिहिला तर तो दुकानात आठवतो.

परीक्षेत कोणत्या देशाचा अर्थ ग्राह्य धरतात?

इन्स्तितूतो सेर्बान्तेस ही स्पॅनिश भाषेच्या प्रसारासाठीची स्पेनची संस्था 1991मध्ये स्थापन झाली आणि भारतात तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. तिच्या डेले या स्पॅनिश प्रावीण्याच्या परीक्षा ए-1 (प्राथमिक) ते सी-2 (सर्वोच्च) अशा सहा पातळ्यांवर होतात, आणि त्यांत सुशिक्षित भाषकांच्या वापरातील कोणत्याही देशाचे स्पॅनिश चालते. ऐकण्याच्या भागात निरनिराळ्या प्रदेशांचे आवाज येतात. अपेक्षा एवढीच असते की निवडलेल्या रूपाशी शेवटपर्यंत सुसंगत राहावे. पहिल्या परिच्छेदात मोटारीला 'कोचे' म्हणून तिसऱ्यात 'कार्रो' म्हणणे, किंवा मध्येच अर्जेंटिनातील, 'तू' याच अर्थाचे 'बोस' आणून पुन्हा 'तू'कडे वळणे, टाळावे.